बाल न्याय व बाल संरक्षण : प्रशिक्षणाच्या वाटा

पारनेर, प्रतिनिधी

सुपा औद्योगिक वसाहतीच्या परिसरातून एक मोटारसायकल चोरीस जाते. तपासात पंधरा वर्षांच्या एका मुलाचे नाव पुढे येते. वडील कामानिमित्त मुंबईला, आई शेतमजुरीला आणि मुलाची शाळा आठवीतच सुटलेली. हे उदाहरण काल्पनिक असले, तरी नगर-पुणे मार्गावरील कोणत्याही गावात घडू शकेल असे आहे. त्या मुलाचे पुढे काय होणार, हे एकटे न्यायाधीश ठरवीत नाहीत. ठाण्यातील पोलीस अधिकारी, परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक, वकील आणि बाल न्याय मंडळाचे तीन सदस्य अशी माणसांची एक साखळीच त्यामागे उभी असते. या साखळीतील प्रत्येक माणूस त्या कामासाठी तयार केलेला असावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

ही माणसे येतात कोठून? त्यांना शिकवितो कोण? पारनेरसारख्या तालुक्यातील तरुणाला या क्षेत्रात यावयाचे असल्यास त्याने काय शिकावे, कोठे शिकावे आणि पुढे कोणती नोकरी मिळते, याची ही माहिती.

दोन प्रकारची मुले, दोन यंत्रणा

देशात सध्या लागू असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६पासून अमलात आला. त्यापूर्वी १९८६ आणि २००० असे दोन केंद्रीय कायदे होऊन गेले. महाराष्ट्राचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. मुंबई इलाख्यात १९२४मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९२७मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. राज्याने २०१५च्या कायद्याखालील स्वतःचे नियम २०१८मध्ये केले.

अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्यानुसार बालक आहे. कायद्याने बालकांचे दोन गट केले आहेत. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, ते ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. त्याचा विचार बाल न्याय मंडळ करते. अनाथ, सोडून दिलेले, रस्त्यावर राहणारे, मजुरीला जुंपलेले, अत्याचाराला बळी पडलेले किंवा बालविवाहाच्या उंबरठ्यावर असलेले बालक हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’. त्याची जबाबदारी बालकल्याण समितीकडे असते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने हा फरक प्रथम समजून घ्यावा. दोन्ही गटांतील मुलांचे प्रश्न अनेकदा एकच असतात. त्यांना हाताळण्याची रीत आणि कागदपत्रे मात्र वेगळी असतात.

पहिली पायरी पोलीस ठाण्याची

पारनेर तालुक्यातील मुलाचा या यंत्रणेशी पहिला संबंध येतो तो पारनेर अथवा सुपा पोलीस ठाण्यात. कायद्याच्या कलम १०७नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा किमान एक ‘बालकल्याण पोलीस अधिकारी’ नेमणे बंधनकारक आहे. जिल्हा स्तरावर पोलीस उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली विशेष बाल पोलीस पथक असते. या पथकात बालकल्याणाचा अनुभव असलेले दोन सामाजिक कार्यकर्तेही असावे लागतात आणि त्यांपैकी एक महिला असणे आवश्यक आहे. या सर्व पोलीस अधिकाऱ्यांना विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद त्याच कलमात आहे.

प्रशिक्षणाने काय फरक पडतो, हे वरील उदाहरणातून स्पष्ट होईल. साध्या चोरीसाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने तो बाल न्याय कायद्याच्या भाषेत ‘किरकोळ’ गुन्हा ठरतो. केंद्राच्या २०१६च्या आदर्श नियमांनुसार अशा प्रकरणात, बरोबर प्रौढ आरोपी नसल्यास, मुलाविरुद्ध प्रथम खबरी अहवाल न नोंदविता दैनंदिनीत नोंद घ्यावयाची असते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीची माहिती विहित नमुन्यात मंडळाकडे पाठवावयाची असते. मुलाला ताब्यात घेतलेच, तर चोवीस तासांच्या आत मंडळापुढे अथवा त्याच्या सदस्यापुढे उभे करावे लागते. त्याला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, हातकडी घालता येत नाही. वयाबाबत शंका असल्यास शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र प्रथम पाहावयाचे, ते नसल्यास ग्रामपंचायतीचा अथवा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि यांपैकी काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम कलम ९४मध्ये दिला आहे. हे नियम ठाऊक नसलेल्या अधिकाऱ्याच्या हातून अन्याय होण्यासाठी त्याच्या मनात वाईट हेतू असावा लागत नाही.

परिवीक्षा अधिकारी : साखळीचा मुख्य दुवा

या यंत्रणेतील सर्वांत महत्त्वाचे, परंतु सर्वसामान्यांना सर्वांत कमी ठाऊक असलेले पद म्हणजे परिवीक्षा अधिकारी. मूल मंडळापुढे प्रथम आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल सादर करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. घरची आर्थिक स्थिती, आईवडिलांचे परस्परांतील संबंध, शाळा सुटण्याचे कारण, मित्रमंडळी, व्यसने, मुलावर पूर्वी झालेला अत्याचार, एखाद्या प्रौढाने त्याचा वापर करून घेतला काय, या सर्वांची नोंद त्यात घ्यावी लागते. शेवटी मुलाच्या पुनर्वसनासाठी काय करावे, याची शिफारसही द्यावयाची असते.

या अहवालाचे मोल मोठे आहे. मुलाने गुन्हा केल्याचे सिद्ध झाल्यास मंडळापुढे अनेक पर्याय असतात. समज देऊन घरी पाठविणे, गटसमुपदेशन, समाजसेवा, आईवडिलांच्या हमीवर अथवा चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर परिवीक्षेवर सोडणे, येथपासून विशेष गृहात कमाल तीन वर्षे ठेवण्यापर्यंत हे पर्याय आहेत. यांतील कोणता निवडावा, यासाठी मंडळाच्या हाती प्रामुख्याने तो अहवालच असतो. अहवाल घरी न जाता, शेजाऱ्यांशी न बोलता, ठरावीक वाक्यांत भरून दिला गेला, तर मंडळाला ते मूल दिसतच नाही. घरभेट, मुलाखत आणि नोंदी ठेवणे ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत, देखरेखीखाली केलेल्या क्षेत्रकार्यातूनच येतात.

परिवीक्षा अधिकाऱ्याची पदे महिला व बाल विकास विभागाच्या आस्थापनेवर असतात. पुणे येथील महिला व बाल विकास आयुक्तालयाने २०२४मध्ये परिवीक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी आदी पदांसाठी सरळसेवा भरतीची जाहिरात दिली होती. नियमित शासकीय वेतनश्रेणी असलेल्या या पदांच्या जाहिरातींवर उमेदवारांनी लक्ष ठेवावे.

मंडळ आणि समितीचे सदस्य

बाल न्याय मंडळात किमान तीन वर्षांचा अनुभव असलेले एक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी प्रमुख असतात आणि त्यांच्यासमवेत दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात. या दोहोंत किमान एक महिला असावी लागते. मुलांचे आरोग्य, शिक्षण वा कल्याण यांसाठी किमान सात वर्षे सक्रिय काम केलेली, अथवा बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायदा यांची पदवी घेऊन व्यवसाय करणारी व्यक्ती सदस्यपदास पात्र ठरते. नियुक्तीपासून साठ दिवसांच्या आत प्रमुख न्यायदंडाधिकाऱ्यांसह सर्व सदस्यांना प्रास्ताविक प्रशिक्षण देणे राज्य शासनावर बंधनकारक आहे.

बालकल्याण समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. महिन्यातून किमान वीस दिवस समितीची बैठक व्हावी, अशी तरतूद आहे. समितीच्या सदस्यांनाही अधिसूचनेपासून दोन महिन्यांत प्रशिक्षण मिळाले पाहिजे. २०२१च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२पासून लागू झाली, समितीच्या सदस्यत्वाची पात्रता अधिक काटेकोर करण्यात आली. बालमानसशास्त्र, मानसोपचार, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र, आरोग्य, शिक्षण, मानवी विकास किंवा विशेष शिक्षण यांतील पदवी आता आवश्यक आहे. जिल्ह्यातील बालसंगोपन संस्थेच्या व्यवस्थापनात असलेल्या व्यक्तीस समितीवर नेमता येत नाही.

या पदांवर मानधन मिळते, परंतु ती नोकरी नव्हे. मुदत तीन वर्षांची असते. तरीही शिक्षक, डॉक्टर, वकील, संस्थांतील अनुभवी कार्यकर्ते यांच्यासाठी ही मोठ्या जबाबदारीची संधी आहे.

ही जबाबदारी किती मोठी आहे, हे पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी झालेल्या मोटार अपघाताच्या प्रकरणाने राज्याला दाखवून दिले. अल्पवयीन चालकाला त्याच दिवशी जामीन देताना मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातल्याने तीव्र संताप उसळला. चौकशीनंतर ऑक्टोबर २०२४मध्ये राज्य शासनाने मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांची नियुक्ती रद्द केली. दुसऱ्या बाजूस, टीकेनंतर त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठविण्याचे दिलेले आदेश बेकायदा ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी त्याच्या सुटकेचा आदेश दिला. आधी सैलपणा आणि नंतर जनक्षोभाखाली उलट टोक, असा हा प्रवास झाला. कायद्याची दिशा पक्की ठाऊक असलेले सदस्य दोन्ही प्रसंगी का आवश्यक असतात, हे यावरून ध्यानात यावे.

जिल्हा बाल संरक्षण कक्षातील पदे

प्रत्यक्ष नोकरीच्या दृष्टीने सर्वाधिक विविधता आहे ती जिल्हा बाल संरक्षण कक्षात. केंद्र शासनाने २००९-१०मध्ये एकात्मिक बाल संरक्षण योजना सुरू केली. तिचेच पुढचे रूप म्हणजे ‘मिशन वात्सल्य’. या योजनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक जिल्ह्यातील कक्षासाठी पदे, पात्रता व मासिक मानधन ठरवून देण्यात आले. त्यांतील प्रमुख पदे अशी :

- जिल्हा बाल संरक्षण अधिकारी : ४४,०२३ रुपये. समाजकार्य, समाजशास्त्र, बालविकास, मानसशास्त्र, कायदा आदी विषयांतील पदव्युत्तर पदवी व अनुभव.
- संरक्षण अधिकारी (संस्थात्मक व असंस्थात्मक अशी दोन पदे) : प्रत्येकी २७,८०४ रुपये.
- विधी तथा परिवीक्षा अधिकारी : २७,८०४ रुपये. कायद्याची पदवी व अनुभव.
- समुपदेशक : १८,५३६ रुपये. समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र वा समुपदेशन यांतील पदवी, अथवा समुपदेशनाची पदव्युत्तर पदविका.
- सामाजिक कार्यकर्ता : १८,५३६ रुपये. पदवी, समाजकार्य अथवा समाजशास्त्राच्या पदवीधरास प्राधान्य.
- लेखापाल आणि माहिती विश्लेषक : प्रत्येकी १८,५३६ रुपये.
- क्षेत्रीय कार्यकर्ता : १०,५९२ रुपये. बारावी उत्तीर्ण.

ही सर्व पदे कंत्राटी स्वरूपाची आहेत. उमेदवारांनी ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. जिल्ह्याच्या गावी खोली भाड्याने घेऊन, तालुक्या-तालुक्यांतून घरभेटी करणाऱ्या कार्यकर्त्याला दहा-अठरा हजारांत संसार चालविणे कठीण जाते आणि अनुभवी माणूस अन्यत्र निघून जातो. त्याच्याबरोबर मुलांशी जडलेला विश्वासही जातो. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात चौदा तालुके आहेत. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात एका घरभेटीला पूर्ण दिवस जाऊ शकतो.

रिक्त पदे आणि अपुरे प्रशिक्षण या दुखण्याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. संपूर्णा बेहुरा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ९ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या निकालात बाल न्याय मंडळे व बालकल्याण समित्यांतील रिक्त जागा भरणे, पोलीस व अन्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांबाबत न्यायालयाने स्पष्ट निर्देश दिले.

समाजकार्याचे शिक्षण : नगर, पुणे, मुंबई

वरील बहुतेक पदांसाठी सर्वाधिक उपयोगी ठरणारी पदवी म्हणजे एम.एस.डब्ल्यू., अर्थात समाजकार्य पारंगत. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. त्यामुळे पारनेर येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयातून कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यालाही हा मार्ग खुला आहे.

सर्वांत जवळचा पर्याय पारनेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, अहिल्यानगर शहरातच आहे. बी.पी.एच.ई. सोसायटीची ‘सी.एस.आर.डी.’ ही समाजकार्य व संशोधन संस्था सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असून ग्रामीण विकासाचा पाया असलेले समाजकार्याचे शिक्षण तेथे मिळते. पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्था १९६३पासून कार्यरत आहे. मुंबईत निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय १९५५पासून आहे.

देशपातळीवर अग्रगण्य मानली जाणारी टाटा समाजविज्ञान संस्था १९३६मध्ये मुंबईत सुरू झाली. भारतातील समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा आरंभ या संस्थेपासून मानला जातो. स्थापनेनंतर वर्षभरातच, १९३७मध्ये, तेथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. म्हणजे समाजकार्याचे शिक्षण आणि मुलांचा प्रश्न हे दोन्ही महाराष्ट्रात प्रारंभापासून एकत्रच वाढले. गुन्हेशास्त्र व न्याय, तसेच बालक व कुटुंब या विषयांत विशेष समाजकार्य शिक्षणाची परंपरा या संस्थेत आहे. तुरुंग व न्यायव्यवस्थेत काम करणारा ‘प्रयास’ हा १९९०मध्ये सुरू झालेला तिचा क्षेत्रीय प्रकल्प प्रसिद्ध आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत दूरध्वनीही १९९६मध्ये याच संस्थेचा प्रकल्प म्हणून जन्मास आला. २०२३पासून ही सेवा शासनाने आपल्याकडे घेतली आहे. संस्थेच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२४पासून सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा ग्राह्य धरण्यात येऊ लागली. ती परीक्षा संगणकावर होत असल्याने ग्रामीण विद्यार्थ्यांनी सराव वेळेवर सुरू करावा.

संस्था निवडताना इमारत वा जाहिरात न पाहता एकच प्रश्न विचारावा : क्षेत्रकार्य कोठे होते आणि त्यावर देखरेख कोणाची असते? निरीक्षणगृह, बालगृह, बाल न्याय मंडळ वा बाल संरक्षण कक्षात प्रत्यक्ष काम करण्याची संधी ज्या महाविद्यालयात मिळते, तेथील पदवीला या क्षेत्रात खरे वजन असते.

मानसशास्त्र आणि कायदा

समाजकार्याखेरीज आणखी दोन शाखांची मागणी वाढत आहे. पहिली मानसशास्त्राची. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा, आरोप असल्यास मंडळाला कलम १५नुसार प्राथमिक मूल्यांकन करावे लागते. मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती त्यात पाहिली जाते. त्यावर त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा काय, हे अवलंबून असते. मंडळातील सदस्यांकडे बालमानसशास्त्र वा बालमानसोपचाराची पदवी नसेल, तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ रोजी बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात स्पष्ट केले. त्यानंतर एप्रिल २०२३मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. मुलांशी बोलण्याचे प्रशिक्षण घेतलेला मानसशास्त्रज्ञ ही त्यामुळे प्रत्येक जिल्ह्याची गरज झाली आहे.

दुसरी शाखा कायद्याची. तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या तरुणांना विधी सेवा प्राधिकरणाच्या माध्यमातून मुलांची बाजू मांडण्याची संधी मिळू शकते. बंगळूर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठाने बाल हक्क कायद्यातील एक वर्षाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने उपलब्ध करून दिली आहे. प्रवेशापूर्वी त्या वर्षीची सूचना पाहून घ्यावी.

घरी राहून शिकणाऱ्यांसाठी

नोकरी वा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे ‘इग्नू’चे, अभ्यासक्रम सोयीचे आहेत. समाजकार्यातील पदवी व पदव्युत्तर पदवी, मानवी तस्करीविरोधी प्रमाणपत्र, बालपणातील काळजी व शिक्षण यातील पदविका असे अभ्यासक्रम या विद्यापीठाने चालविले आहेत. विद्यापीठाचे विभागीय केंद्र पुण्यात आहे. दूरशिक्षणाच्या समाजकार्य पदवीतही क्षेत्रकार्य करावे लागते. ते केवळ कागदोपत्री उरकल्यास पदवी हाती येते, परंतु कौशल्य येत नाही.

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेचा, म्हणजेच ‘निम्हान्स’चा, ‘संवाद’ हा उपक्रम बाल संरक्षण व मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण ऑनलाइन देतो. महिला व बाल विकास मंत्रालयाच्या पाठिंब्याने चाललेला हा उपक्रम बालगृहांतील कर्मचारी, समुपदेशक, शिक्षक यांच्यासाठी विशेष उपयुक्त आहे.

सेवेत असलेल्यांचे प्रशिक्षण

सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी केंद्र शासनाची प्रमुख संस्था म्हणजे राष्ट्रीय जनसहयोग व बालविकास संस्था. १९६६मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या या संस्थेला २०२५मध्ये सावित्रीबाई फुले राष्ट्रीय महिला व बाल विकास संस्था असे नाव देण्यात आले. मंडळ व समित्यांचे सदस्य, बाल संरक्षण अधिकारी, संस्थांचे अधीक्षक यांचे वर्ग ही संस्था घेते. बालमार्गदर्शन व समुपदेशन या विषयातील प्रगत पदविकाही ती चालविते.

राज्यात न्यायाधीशांचे प्रशिक्षण उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होते. पोलीस उपनिरीक्षकांचे मूलभूत प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत, तर शासकीय अधिकाऱ्यांचे पुण्याच्या ‘यशदा’ संस्थेत होते. पॉक्सो कायद्याखालील २०२०च्या नियमांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या सर्वांना, ते कायम असोत वा कंत्राटी, ठरावीक काळाने प्रशिक्षण द्यावे, अशी जबाबदारी शासनावर टाकली. कंत्राटी कर्मचाऱ्याने प्रशिक्षणाची मागणी केल्यास तो उपकार मागत नसतो, नियमाचा आधार त्याच्या बाजूने असतो.

पदवी नसली तरी

या क्षेत्रात येण्यास प्रत्येक वेळी पदव्युत्तर पदवीच हवी, असे नाही. तालुका विधी सेवा समितीमार्फत विधी स्वयंसेवक निवडले जातात आणि त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रशिक्षण देते. लोकांना हक्कांची माहिती देणे, अर्ज लिहिण्यास मदत करणे, मुलांना व पालकांना विधी साहाय्यापर्यंत पोहोचविणे हे त्यांचे काम. पूर्णवेळ नोकरी नसली, तरी बाल न्यायाचे कामकाज जवळून पाहण्याची ही उत्तम शाळा आहे.

पॉक्सो प्रकरणांत बालकल्याण समिती पीडित मुलासाठी एक साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. जबाब, वैद्यकीय तपासणी, न्यायालयातील साक्ष या सर्व टप्प्यांत ती मुलाच्या व कुटुंबाच्या सोबत राहते. बाल हक्कांच्या क्षेत्रात काम करणारी व्यक्ती वा संस्था, बालगृहाचा अधिकारी अथवा बाल संरक्षण कक्षातील कर्मचारी यांची त्यासाठी नेमणूक होऊ शकते. खेड्यातील कुटुंबाला जिल्हा न्यायालयाची पायरी चढताना अशा माणसाचा आधार किती मोठा असतो, हे वेगळे सांगावयास नको.

गावपातळीवर तर प्रशिक्षणाची गरज पदावर असलेल्या माणसांनाच आहे. ग्रामीण भागात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शिक्षक, पोलीस पाटील व सरपंच यांच्या नजरेस मुलाची अडचण सर्वांआधी पडते. शाळेतून अचानक नाहीसे झालेले नाव, लग्नाची कुजबुज, अंगावरचे वळ यांचा अर्थ त्यांनी ओळखला आणि १०९८ वर वेळेवर कळविले, तर पुढची पुष्कळ प्रकरणे न्यायालयापर्यंत जाणारच नाहीत. अशा मुलांसाठी योजनाही आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेत २०२३मध्ये अनुदान दरमहा २,२५० रुपये करण्यात आले, तर मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये ठरविण्यात आली. योजना ठाऊक असलेला माणूस गावात असेल, तर वडील गमावलेले मूल आईजवळच राहू शकते. एरवी त्याची रवानगी बालगृहात होण्याचा धोका असतो.

अनुभव कोठे घ्यावा

मंडळ वा समितीच्या सदस्यत्वासाठी लागणारा सात वर्षांचा अनुभव हा स्वयंसेवी संस्थांतून मिळतो. या बाबतीत जिल्हा सुदैवी आहे. १९८९मध्ये अहिल्यानगर शहरात सुरू झालेली ‘स्नेहालय’ संस्था देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या मुलांसाठी काम करता करता बाल संरक्षणाच्या अनेक अंगांत विस्तारली. पूर्वीची चाइल्डलाइन सेवाही जिल्ह्यात तिच्यामार्फत चालत असे. अशा नोंदणीकृत संस्थांत स्वयंसेवक म्हणून केलेले काम पुढे अर्जाच्या वेळी उपयोगी पडते. मात्र संस्था कलम ४१नुसार नोंदणीकृत आहे, याची खात्री प्रथम करून घ्यावी. विनानोंदणी मुलांना ठेवणे हा कलम ४२नुसार दंडनीय गुन्हा आहे.

आणखी एक पथ्य प्रत्येकाने पाळावे लागते. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा वा पत्ता कोठेही प्रसिद्ध करण्यास कलम ७४ने मनाई आहे. ही मनाई वृत्तपत्रांना आहे, तशी भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाठविणाऱ्या कार्यकर्त्यालाही आहे.

कोणी कोठून सुरुवात करावी

- बारावी उत्तीर्ण : क्षेत्रीय कार्यकर्ता, विधी स्वयंसेवक, सोबत पदवीचे शिक्षण.
- पदवीधर : नियमित वा दूरशिक्षणाने एम.एस.डब्ल्यू., समुपदेशन पदविका. परिवीक्षा अधिकारीपदाची स्पर्धा परीक्षा.
- मानसशास्त्राचे पदव्युत्तर : समुपदेशक, पुढे मंडळांना साहाय्य करणारे तज्ज्ञ.
- विधी पदवीधर : विधी तथा परिवीक्षा अधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे पॅनेल, बाल हक्क कायद्याची पदविका.
- शिक्षक, डॉक्टर, अनुभवी कार्यकर्ते : बाल न्याय मंडळ अथवा बालकल्याण समितीचे सदस्यत्व.

भरतीच्या जाहिराती महिला व बाल विकास आयुक्तालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध होतात. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातही चौकशी करता येते.

चुकलेल्या मुलाला पुन्हा नव्याने आरंभ करता यावा, हे बाल न्याय कायद्यातील मूलभूत तत्त्वांपैकी एक आहे. पारनेर तालुक्याला हा विचार अपरिचित नाही. राळेगणसिद्धीच्या संत निळोबाराय विद्यालयाने इतर शाळांत नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश दिला, ही गोष्ट राज्यभर माहीत आहे. त्या शाळेत मुलांना हवी होती ती त्यांच्यावर विश्वास ठेवणारी आणि शिकविण्याची हातोटी असलेली माणसे. सुप्याच्या त्या काल्पनिक मुलालाही तीच हवी आहेत. त्याच्या प्रकरणाची चौकशी प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत पूर्ण व्हावी, असे कायदा सांगतो. त्या चार महिन्यांत त्याला भेटणारी माणसे शिकून आलेली आहेत की नाहीत, यावरच तो शाळेत परततो की पुन्हा पोलीस ठाण्यात, हे पुष्कळ अंशी ठरते.